‘ध’चा ‘मा’ : एका अक्षराने होणारा घात

१/ नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर रस्त्यालगत गोदाकाठी आनंदवल्ली आहे. येथे रघुनाथराव पेशव्यांचे वास्तव्य होते. गावाचे नाव आनंदीबाईंवरून पडले, असे मानले जाते. याच आनंदीबाईंशी मराठीतला एक वाक्प्रचार कायमचा जोडला गेला : ‘ध’चा ‘मा’ करणे. मोबाइलवर येणारी बनावट लिंक ओळखायची, तर ही कथा पुन्हा वाचायला हवी.

२/ ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाच्या दिवसांत गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. आख्यायिका अशी की, मूळ हुकूम त्यांना ‘धरावे’ एवढाच होता. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले.

३/ ही आख्यायिका आहे, सिद्ध झालेली घटना नव्हे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती दोषी धरले ते रघुनाथरावांना. तरीही लोकांना ही कथा पटली, कारण त्यामागचे भय खरे होते : हुकूम लिहिणारा दूर असतो, समोर असतो तो केवळ कागद.

४/ मराठी दफ्तर या धोक्याविषयी गाफील नव्हते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब होत असे. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील मोर्तबाचा मजकूर होता ‘मर्यादेयं विराजते’. अर्थ स्पष्ट आहे : पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी काही जोडल्यास ते अस्सल नव्हे.

५/ संकेतस्थळाच्या पत्त्यालाही असेच मोर्तब असते, आणि तेही शेवटीच. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वी जे नाव संपते, त्याचा अखेरचा भाग खरा मालक सांगतो. बँकेचे नाव आरंभी असून शेवट भलताच असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट घेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी.

६/ आजचा ‘ध’चा ‘मा’ रोमन लिपीत होतो. ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे शेजारी आली की ‘एम’चा भास होतो, ‘ओ’च्या जागी शून्य बसते. घाईत वाचणाऱ्याची नजर ते टिपत नाही.

७/ परंतु फसवणूक केवळ अक्षरांची नसते; ती आशेचीही असते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला. कैदेतून सुटून त्याने १७७६ मध्ये कोकणात फौजही जमवली. अखेर तो पकडला जाऊन पुण्यात देहदंडास पात्र ठरला. त्याच्यामागे गेलेले सारे मूर्ख नव्हते. भाऊ परत यावेत, ही त्यांची इच्छा होती. लॉटरी, नोकरी वा परताव्याचा संदेश याच इच्छेवर चालतो. ‘आज रात्री वीज तोडू’ हा संदेश भयावर.

८/ हुबेहूब दिसणे हा तर पुरावाच नव्हे. नाशिक रोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ पासून शासनाचे मुद्रांक छापत आले. तेथून भंगार म्हणून निघालेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा व्यवहार देशभर पसरवला. पुढे त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली. बँकेचे बोधचिन्ह आणि रंग उतरवायला तर यंत्रही लागत नाही.

९/ मग खातरजमा कशी करावी? संदेशातील लिंकवरून जाऊ नये. पत्ता स्वतः टंकित करावा अथवा अधिकृत ॲप उघडावे. फोन आल्यास तो ठेवून, पासबुकावर वा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे ‘मिळवण्यासाठी’ पिन मागणारा तोतयाच होय.

१०/ तरीही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर तो गोठवता येण्याची शक्यता असते. आख्यायिकेतल्या गारद्यांना हुकूम पडताळण्याची सवड कोणी दिली नव्हती. आजच्या वाचकाकडे ती आहे. घाई करायला लावणारा संदेश तीच हिरावून घेऊ पाहतो.