निदर्शनांची जागा आणि अभिव्यक्तीचा हक्क : बोम्मसंद्रा ते बॉस्टन

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. कारखाने, औषधनिर्मिती उद्योग आणि मोठी रुग्णालये यांनी हा पट्टा व्यापलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे हे अखेरचे स्थानक आहे.

एप्रिल २०१६ मध्ये याच महामार्गावर तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार उतरले. त्यांत बहुसंख्य महिला होत्या. भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने त्या वर्षी फेब्रुवारीत केली होती. १८ एप्रिल रोजी सुरू झालेली निदर्शने दुसऱ्या दिवशी शहराच्या इतर औद्योगिक भागांतही पसरली. बोम्मसंद्र्याजवळच्या हेब्बगोडी येथे पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि वाहने जाळण्यात आली. पोलिसांनी लाठीमार केला व अश्रुधुराचा वापर केला. १९ एप्रिल रोजीच केंद्राने ही दुरुस्ती मागे घेतली.

जाळपोळीला कोणताही कायदा संरक्षण देत नाही. परंतु ज्या कामगारांनी केवळ कारखान्यासमोर उभे राहून घोषणा दिल्या, त्यांचा तेथे उभे राहण्याचा हक्क कितपत होता, हा प्रश्न वेगळा आहे. मत मांडण्याच्या हक्कात ते कोठे मांडावे हे ठरविण्याचा हक्क येतो काय, याचा विचार भारतीय न्यायालयांप्रमाणेच अमेरिकेतील न्यायालयांनीही केला आहे. तेथे तो प्रामुख्याने गर्भपातविरोधी निदर्शकांच्या खटल्यांतून पुढे आला.

घटनेची चौकट

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसह काही ठरावीक कारणांसाठी त्यावर कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात.

कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदर्शने हा अभिव्यक्तीचाच एक प्रकार असल्याचे मान्य केले. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह यांच्या खटल्यात १९७२ मध्ये घटनापीठाने सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येईल, परंतु त्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या आवारात सभा घेण्याचा हक्क नाही, असा निर्णय १९६९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात झाला होता. त्यामुळे कारखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या फाटकाच्या आतील आणि बाहेरील जागांना कायद्यात वेगवेगळे स्थान आहे.

जमावबंदीच्या अधिकाराची घटनात्मक वैधता मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका शहरातील खटल्याशी जोडलेली आहे. नागपुरात १९५६ मध्ये गिरणी कामगारांच्या वादातून लागू झालेल्या जमावबंदीला बाबूलाल पराते यांनी आव्हान दिले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ घटनेशी सुसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरविले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे.

या अधिकाराची मर्यादा बंगळुरूतच स्पष्ट झाली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धची निदर्शने रोखण्यासाठी शहर पोलिसांनी १८ डिसेंबर २०१९ रोजी तीन दिवसांची जमावबंदी जारी केली. १३ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो आदेश बेकायदा ठरविला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे त्याच विषयावरील धरणे आंदोलनास परवानगी नाकारणारे आदेश रद्द केले. एखाद्या कायद्याला विरोध करू इच्छिणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, असेही त्या खंडपीठाने नमूद केले.

नेमून दिलेले मैदान

यानंतर बंगळुरूतील वाद 'निदर्शने करावीत की नाही' यावरून 'कोठे करावीत' याकडे वळला. मोर्चांमुळे होणाऱ्या वाहतूक कोंडीची उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षीच्या पोलीस आदेशाने शहरातील निदर्शनांसाठी फ्रीडम पार्क ही एकच जागा निश्चित करण्यात आली. मुंबईतही नरिमन पॉइंट व चर्चगेट परिसरातील रहिवाशांच्या याचिकेनंतर १९९७ पासून मोर्चे आझाद मैदानापुरते मर्यादित करण्यात आले.

फ्रीडम पार्क हे बंगळुरूचे जुने मध्यवर्ती कारागृह आहे. आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांच्यासह राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना तेथे स्थानबद्ध करण्यात आले होते. बोम्मसंद्र्यापासून हे ठिकाण वीस किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. पाळी संपवून तेथे जाणाऱ्या कामगाराचे म्हणणे ज्याला ऐकवायचे तो व्यवस्थापक आणि ज्यांना सोबत घ्यायचे ते सहकारी तेथे नसतात.

याची दुसरी बाजूही न्यायालयांनी मान्य केली आहे. दिल्लीतील जंतरमंतरसंबंधी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण बंदी अमान्य केली. मात्र तेथील रहिवाशांच्या शांततेच्या हक्काचाही विचार करून पोलिसांना नियमावली तयार करण्यास सांगितले. शाहीनबाग प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळासाठी अडविता येणार नाही असे स्पष्ट केले.

अमेरिकेतील फुटांचा हिशेब

अमेरिकेत गर्भपाताचे विरोधक अनेक वर्षे दवाखान्यांसमोर उभे राहून येणाऱ्या स्त्रियांना परावृत्त करण्याचा प्रयत्न करीत आले आहेत. काहींनी दारे अडविली, तर काही ठिकाणी हिंसाचार झाला. डिसेंबर १९९४ मध्ये बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे दोन दवाखान्यांवरील गोळीबारात दोन महिला कर्मचारी ठार झाल्या. त्यामुळे राज्यांनी दवाखान्यांभोवती संरक्षित क्षेत्रे आखली आणि निदर्शकांच्या वकिलांनी ती अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयात नेली.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका डॉक्टरच्या घरासमोरील निदर्शनांवरील बंदी वैध ठरविली. १९९४ मध्ये फ्लोरिडातील दवाखान्याभोवतीचे ३६ फुटांचे क्षेत्र मुख्यत्वे कायम राहिले. परंतु ३०० फुटांच्या आत संमतीविना कोणाजवळही जाण्यास केलेली मनाई रद्द झाली. २००० मध्ये कोलोरॅडोचा नियम टिकला. त्यानुसार दवाखान्याच्या प्रवेशद्वारापासून १०० फुटांच्या परिसरात, संमतीविना दुसऱ्याच्या ८ फुटांहून अधिक जवळ जाऊन पत्रक देण्यास किंवा समजावण्यास मनाई होती.

२६ जून २०१४ रोजी मात्र मॅसॅच्युसेट्सचे ३५ फुटांचे क्षेत्र नऊही न्यायमूर्तींनी एकमताने घटनाबाह्य ठरविले. याचिकाकर्त्या एलिनॉर मॅक्युलन या वृद्ध महिला बॉस्टनच्या दवाखान्याबाहेर स्त्रियांशी हळू आवाजात बोलत असत. दार अडविणाऱ्यांवर किंवा धमकावणाऱ्यांवर कारवाई करण्याचे अन्य मार्ग असताना शांतपणे बोलणाऱ्यांनाही सार्वजनिक पदपथावरून दूर करणे अवाजवी आहे, असे न्यायालयाचे मत पडले. गर्भपाताच्या हक्काचे समर्थक मानले जाणारे न्यायमूर्तीही या निकालात सहभागी होते. दुसरीकडे, कोलोरॅडो निकालाचा फेरविचार करण्याची संधी देणारी याचिका न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखल करून घेतली नाही.

ब्रिटनने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सुरक्षित प्रवेश क्षेत्रांना मान्यता दिली. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून गर्भपात केंद्रांभोवती १५० मीटरचे क्षेत्र लागू आहे.

भारताला काय लागू पडते?

भारतात गर्भपाताला १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमाने मान्यता दिली. त्यामागील समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह होते. येथे गर्भपातविरोधी निदर्शने विरळ आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये नवी दिल्लीत तसा एक मोर्चा निघाला होता. त्या मताच्या लोकांनाही अनुच्छेद १९ चे तेच संरक्षण आहे, जे होसूर मार्गावरील शिवणकाम करणाऱ्या महिलांना आहे. त्याचबरोबर गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन २०२१ च्या दुरुस्तीने डॉक्टरांवर घातले आहे. रुग्णालयाच्या दाराशी तिला अडविणे, तिचे छायाचित्र घेणे किंवा तिचा पाठलाग करणे हे अभिव्यक्तीच्या नावाखाली खपणारे नाही.

घरासमोरील निदर्शनांबाबत महाराष्ट्राचा कायदा आणि अमेरिकेतील १९८८ चा निकाल जवळजवळ एकाच निष्कर्षावर येतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक अधिनियमात मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या निवासस्थानी निदर्शने करणे ही संघटनेची अनुचित प्रथा मानली आहे.

या सर्व निकालांतून न्यायालये पुढील प्रश्न विचारताना दिसतात. जागा सार्वजनिक आहे की खासगी? निर्बंध सर्वांना सारखा लागू आहे की एखाद्या मतालाच? ये-जा करणाऱ्यांची वाट मोकळी राहते काय? आणि कमी कठोर उपायाने तोच हेतू साध्य झाला असता काय? मागणी योग्य की अयोग्य, हा प्रश्न या यादीत नाही. म्हणूनच बॉस्टनमधील वृद्ध महिलेच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद, तिचे मत न पटणाऱ्या बोम्मसंद्र्यातील कामगारालाही उद्या आपल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहण्यासाठी उपयोगी पडू शकतो.