फी माफ, खानावळ बाकी

ई.बी.सी.चा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी सवलतीचा, फॉर्म न्यायला आलेला पोरगा फीबद्दल फारसं विचारत नसे. फी माफ होते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो टेबलाच्या कडेला रेंगाळायचा आणि रांग सरली की हळूच म्हणायचा, “भाऊसाहेब, खानावळीचं काय बसतं का ह्यात?” बसत नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळण्यात माझी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर जुनं वाचायला सवड मिळाली, तेव्हा कळलं की हा प्रश्न त्या पोरांच्या पणजोबांच्याही आधीचा आहे. आपल्याकडे कॉलेज अर्ध्यावर सुटतं ते फीमुळे कमी आणि जेवणामुळे जास्त. आमच्या आधीच्या लोकांना हे आमच्या परिपत्रकांपेक्षा नीट कळलं होतं.

सुरुवात पेशव्यांच्या दक्षिणेपासून करावी लागते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही श्रावणातली दक्षिणा पुढे पुण्यात पर्वतीच्या रमण्यात वाटली जाऊ लागली. ती फक्त ब्राह्मणांना मिळे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही, छाटली, आणि १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९च्या सुमारास लोकहितवादींच्या बाजूच्या मंडळींनी अर्ज केला, की ह्या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसं द्या. सनातनी मंडळी खवळली, पण सरकारने अर्ज मानला. पुढे त्याच फंडातून कॉलेजातल्या हुशार मुलांसाठी दक्षिणा फेलोशिप निघाली. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. श्रावणात हातावर पडणारी रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळू लागली, हा बदल मला फार मोठा वाटतो. महिन्याला ठरलेले पैसे हाती आले की माणूस पुढच्या परीक्षेपर्यंतचा हिशेब मांडू शकतो.

आगरकर तर आमच्याच बाजूचे, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत ते डेक्कन कॉलेजात पोचले, ‘वऱ्हाड समाचार’साठी लिहून आणि वक्तृत्वाची बक्षिसं मिळवून खर्च भागवत राहिले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे, ही त्यांची गोष्ट आम्हाला शाळेतल्या मास्तरांनी इतक्या वेळा सांगितली, की सदरा म्हटलं की आगरकर आठवतात.

ज्यांना फेलोशिप नव्हती ते वार लावून जेवत. सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागत. पुण्यात १९०९मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची सुरुवातीची मुलं माधुकरीवरच शिकली. ह्या पद्धतीची थोरवी सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ती अर्धीच मान्य आहे. कोणाचा वार उंबऱ्याच्या आत लागत असे आणि कोणाला अंगणातही उभं करत नसत, हे विसरून तिच्या आठवणी काढणं सोपं जातं.

म्हणून शाहू महाराजांचं मोल वेगळं. कोल्हापुरात शाळा-कॉलेज होतंच. खेड्यातून आलेल्या मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार पोराने उतरायचं कुठे, जेवायचं कुठे, हा प्रश्न होता. १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग एकामागून एक वसतिगृहं निघत गेली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८चं. जातवार बोर्डिंग का, असं आजची मुलं विचारतात. त्या काळी एका पंगतीला बसायला कोण तयार होतं? भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढून सगळ्या जातींची पोरं एकत्र जेवायला बसवली, तेव्हा लोकांनी बोटं घातली तोंडात. ते बोर्डिंग चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. पोरगा राबेल आणि त्यावर त्याचं जेवण-राहणं निघेल. दानाचा उपकार डोक्यावर घेऊन शिकायला भाऊरावांचा विरोध होता.

पण मदत अर्ध्यावर संपली तर काय होतं, हे बघायचं तर बाबासाहेबांकडे यावं लागतं. सयाजीराव गायकवाडांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती नसती, तर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. होणं कठीण होतं. १९१३मध्ये त्याच महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. १९१६मध्ये ते लंडनला गेले, बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत यावं लागलं. बडोद्यात अस्पृश्याला राहायला घर मिळेना, नोकरी सोडावी लागली. सुदैवाने लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. घड्याळ चालू झालं होतं.

मग माणसाने काय करावं? १९१८मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पै-पै बाजूला टाकली. पारशी मित्र नवल भथेना ह्यांनी पाच हजार उसने दिले, शाहू महाराजांनी मदत केली. १९२०मध्ये ते लंडनला परतले आणि १९२३मध्ये डी.एस्सी. झाले. एक शिष्यवृत्ती, एक नोकरी, एक कर्ज आणि एक राजा, एवढं सगळं एका पदवीला लागलं. माझ्या टेबलावर येणाऱ्या पोरांकडे ह्यातली पहिली गोष्टच असायची, तीही मार्च उजाडल्यावर.

१९४२मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद त्यांनी मिळवली. १९४४पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ह्या योजनेत फीबरोबर निर्वाह भत्ताही असतो, वसतिगृहातल्या मुलाला जास्त, घरून येणाऱ्याला कमी. १९४६मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, तेही सकाळच्या वेळात, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. शिष्यवृत्ती कुठे संपते हे ज्याने सोसलं होतं, त्यानेच हे केलं.

ई.बी.सी. सवलत त्यानंतरची, १९५९ची. यशवंतराव मुख्यमंत्री, पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री. ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोरांची फी माफ, जात कोणतीही असो. आमच्या माणदेशातल्या, पाटण खोऱ्यातल्या पोरांची एक पिढी ह्या एका निर्णयाने कॉलेजात आली. मर्यादा पुढे वाढत गेली आणि गंमत म्हणजे तालुक्याचं उत्पन्नही तिच्या मागोमाग जरा खालूनच वाढत गेलं. तलाठ्याच्या दाखल्यावरचा आकडा बघून आम्ही काही बोलत नसू. त्या आकड्याला आव्हान देणारा कारकून त्या गावाच्या एस.टी.त बसायच्या लायकीचा राहिला नसता.

पण सवलत होती ती फीची. पुण्यात १९५५मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढून खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली होती, आमच्या तालुक्यात तसं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षाला पन्नास अर्ज आले तर तिसऱ्याला तेवढे कधीच येत नसत. ती पोरं कारखान्यावर, मुंबईच्या गोदीत, कुठे पानाच्या टपरीवर दिसत. अनुसूचित जातीच्या मुलांना निर्वाह भत्ता असे, पण तो यायचा वर्षाच्या शेवटी. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून पैसे घेतले की पोरगा तसाच मेसवाल्याची उधारी फेडायला जायचा. २०१०मध्ये दर वाढले, तेव्हाही बी.ए.ला घरून येणाऱ्या मुलाला महिना ३०० आणि वसतिगृहातल्याला ५७० रुपये होते. दोन वेळच्या डब्याचे पैसे किती पडतात हे ठरवणाऱ्यांनी कोणाला विचारलं होतं, कोण जाणे.

आता ई.बी.सी.ला राजर्षी शाहूंचं नाव आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, अर्ज महाडीबीटीवर भरतात. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, राहण्या-जेवणासाठी स्वाधार आहे. २०२४पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही पूर्ण माफ झाली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म मीच भरून दिला. तिच्या बापाने खोलीभाडं, मेस आणि एस.टी.चा पास ह्यांचा आकडा कागदाच्या पाठीमागे मांडला होता. मला काही सुचवायचा अधिकार असता तर एवढंच म्हटलं असतं, की जेवणाचे पैसे जुलैत द्या, फीची भरपाई कॉलेजला मार्चमध्ये मिळाली तरी चालेल, कॉलेज काही उपाशी राहत नाही.