स्वतः उघडणारी फाइल: दिघीच्या कागदांच्या निमित्ताने

दिघी बंदरावर काम करताना माझ्याकडे जी साधनं आली, त्यातली काही सीडीवर होती. राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरचं हे गाव श्रीवर्धन तालुक्यात येतं; पलीकडे आगरदांडा. बंदर विकसित करण्याचा करार 2002 सालचा. त्या सुमाराचे अर्ज, निवेदनं, ठराव लोकांनी संगणकावर टाइप करून घेतले होते. एका सीडीत कागदांची फाइल नव्हतीच, होती फक्त एक ईएक्सई. म्हणजे डबल क्लिक केलं की स्वतःच सुटणारी गाठोडी. आत मजकूर, आणि सोबत एक फॉन्ट. हा फॉन्ट तिथे का होता, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

फाइली दाबून लहान करायची गरज फ्लॉपी आणि संथ मोडेमच्या काळातली. 1985 मध्ये अमेरिकेत एसईए कंपनीचा आर्क हा प्रोग्राम आला. पण दाबलेली फाइल उघडायला समोरच्याकडेही तोच प्रोग्राम लागायचा. मग युक्ती निघाली: उघडणारा छोटा प्रोग्रामच फाइलीच्या पुढे चिकटवायचा. नारळाबरोबर कोयताही बांधून पाठवण्यासारखंच हे. फिल काट्झ यांनी आर्कशी सुसंगत, पण जास्त वेगवान प्रोग्राम काढला; 1988 मध्ये एसईएने खटला भरला, तडजोड झाली. त्यानंतर 1989 मध्ये काट्झ यांनी झिप हा नवा फॉरमॅट आणला आणि त्याची रचना सगळ्यांसाठी खुली ठेवली. संशोधकाला या भांडणाचा फायदा आजही मिळतो.

तो कसा, ते बघा. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे पुढे प्रोग्राम चिकटवला तरी शेवटाकडून वाचणाऱ्याला फरक पडत नाही. अशी फाइल साध्या संपादकात उघडली तर सुरुवातीला ‘एमझेड’ दिसतं (मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची आद्याक्षरं) आणि पुढे कुठेतरी ‘पीके’, म्हणजे फिल काट्झ. दोन माणसं एकाच फाइलीत मुक्कामाला! 1990च्या दशकातल्या अशा कितीतरी फाइली 16-बिट होत्या. आजच्या 64-बिट विंडोजवर त्या चालतच नाहीत. पण चालवायच्या कशाला? सेव्हन-झिपमध्ये राइट क्लिक करून ‘ओपन आर्काइव्ह’ म्हणा. कागद बाहेर येतात आणि अनोळखी प्रोग्राम चालवण्याचा धोकाही टळतो.

आता फॉन्ट. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण विंडोजमध्ये तिची खरी सोय विंडोज 2000 पासून झाली. एक्सपीतसुद्धा ती बऱ्याचदा मूळ सीडी घालून चालू करावी लागे. तोवर मराठी टायपिंग शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टवर चालायचं. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की तुमचा ठराव म्हणजे निरर्थक अक्षरांचा ढीग. म्हणून कुणीतरी शहाणपणाने तो सोबत बांधला. ती ईएक्सई मी पुरावा मानतो: पाठवणाऱ्याने घेणाऱ्याच्या संगणकाबद्दल काय गृहीत धरलं होतं, ते तिच्यातून कळतं.

आणि हीच गोष्ट साधनं परत देताना आपल्याला करायची असते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. पत्रे उडाले, वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद. ज्यांनी कागद दिले त्यांच्याकडे नीट प्रत असायलाच हवी, आणि ती इंटरनेटशिवाय उघडली पाहिजे. सेव्हन-झिपमध्ये फोल्डर निवडा, ‘अॅड टू आर्काइव्ह’मध्ये सेव्हन-झेड फॉरमॅट ठेवून ‘क्रिएट एसएफएक्स आर्काइव्ह’वर खूण करा, झाली फाइल तयार. सुटल्यावर एखादा आदेश आपोआप चालवायचा असेल तर विंडोजमधलंच आयएक्सप्रेस वापरता येतं. आत ‘आधी वाचा’ नावाची फाइल हवी: कागद कुणाचे, कोणत्या अटीवर दिले, कुणाचं नाव छापायचं नाही.

ईमेलने मात्र पाठवू नका, बहुतेक सेवा ईएक्सई अडवतात. पेनड्राइव्ह बरा. गावात बहुतेकांकडे फोनच असतो आणि त्यावर ही फाइल उघडत नाही, तेव्हा तेच कागद युनिकोडमध्ये आणून पीडीएफ करून शेजारी ठेवा. जुन्या फॉन्टमधली मूळ फाइल पुसू नका. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, आणि आडनावांची खातरजमा मुळाशी ताडूनच होते.