पेढीपासून न्यायाधिकरणापर्यंत: उज्जैनमधील विमा आणि खोटे दावे

नुकसान झाल्याचे सांगणारा खरे बोलतो की बनाव करतो, हा प्रश्न उज्जैनला विम्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. ठेव राजाने नेली, दैवयोगाने नष्ट झाली किंवा चोराने पळवली, तर ती भरून देण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर नाही, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम आहे. सूट आली की तिचा गैरफायदा घेणारा आलाच, आणि त्याच्यामागून संशयही. उज्जयिनीत घडणाऱ्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताच्या घरून वसंतसेनेचे दागिने खरोखरच चोरीला जातात. पण निर्धनाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून तो ते जुगारात हरल्याचा निरोप धाडतो आणि बदल्यात पत्नीची रत्नमाला देतो. खऱ्या नुकसानीतही संशय आधी गरिबावर जातो. आजच्या दावेदारांचा अनुभव फारसा निराळा नाही.

मालाचा विमा उतरवणे हा सराफांचा धंदा होता. सुजानराय भंडारी याने 1695 च्या सुमारास लिहिलेल्या ‘खुलासतुत्तवारीख’मध्ये त्याची नोंद आहे. उज्जैन 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी आणि माळव्याच्या अफूची, कापडाची मोठी पेठ; तिथे हा व्यवहार रुजणे स्वाभाविकच होते. जॉन माल्कमने माळव्यावरील आपल्या 1823 च्या ग्रंथात विम्याचे दर नोंदवले, ते मुलुखात शांतता किती आली हे दाखवण्यासाठी. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला तसे दर उतरले. तांड्यासोबत भाट किंवा चारण असत. माल लुटला गेला तर ते स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवून त्रागा करीत आणि त्या रक्ताचे पाप लुटारूंच्या माथी येई. विमा घेणारा व्यापारी, त्याची पत आणि पलीकडच्या गावचा आडत्या हे सारे पेढीच्या ओळखीतले. त्यामुळे माणसाची पारख सौदा ठरण्यापूर्वीच होऊन जात असे.

मोटारीच्या कायद्याने हा क्रम उलटा केला. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातील तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती ब्रिटिश हिंदुस्थानात 1 जुलै 1946 पासून अमलात आली. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. संस्थान मध्यभारतात विलीन होऊन भारतीय कायदे लागू झाल्यावर ती इकडेही आली. आता भरपाई मागणारा जखमी माणूस विमा कंपनीला पूर्ण अनोळखी होता. पडताळणी अपघातानंतरच करणे भाग पडले आणि तीही कागदांवरून. 1956 च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी न्यायाधिकरणांची तरतूद केली. मात्र कंपनीला ठरावीक बचावच घेता येत. अपघात झालाच नाही, असे म्हणण्याची वाट जवळपास बंद होती. गाडीमालक आणि दावेदार यांची मिलीभगत असेल, किंवा मालक लढतच नसेल, तर न्यायाधिकरणाच्या परवानगीने सगळे मुद्दे मांडण्याची मुभा 1969 च्या दुरुस्तीने दिली. 1988 च्या कायद्यात तीच कलम 170 म्हणून आली.

बनावाचे प्रकार ठरलेले आहेत. अज्ञात वाहनाने उडवलेले असते आणि काही दिवसांनी विमा असलेली ओळखीची गाडी पुढे केली जाते. परवाना नसलेल्या चालकाच्या जागी परवानावाला उभा राहतो. गच्चीवरून पडलेला माणूस रस्त्यावर पडलेला ठरतो. म्हणून कंपनीचा तपासनीस आधी रुग्णालयाची नोंद पाहतो, कारण दाखल होताना नातेवाइकांनी सांगितलेली हकिकत वकिलाची गाठ पडण्याआधीची असते. मग तो एफआयआरची तारीख, घटनास्थळाचा नकाशा आणि गाडीच्या यांत्रिक तपासणीचा अहवाल समोरासमोर ठेवतो. माणसाला गंभीर मार आणि गाडीवर ओरखडाही नाही, ही विसंगती बोलकी असते. नुसता उशीर मात्र पुरावा नव्हे: एफआयआर उशिरा दिली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रिनारायण खटल्यात 2011 मध्ये सांगितले. उपचार न करताच अपंगत्वाचे सढळ दाखले देणाऱ्या डॉक्टरांवर याच न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात बोट ठेवले होते.

1994 च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली आणि दावेदाराच्या राहत्या गावीही दावा करण्याची सोय दिली. जखमींना तिचा मोठा आधार झाला. एकाच अपघाताचे दोन जिल्ह्यांत दावे लावणाऱ्यांनाही झाला. उत्तर प्रदेशात असे प्रकार इतके वाढले की अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावले. एकट्या कंपनीच्या दप्तरात असा दुहेरी दावा दिसत नाही, त्यासाठी सर्वांच्या नोंदी एकत्र लागतात. 2009 मध्ये स्थापन झालेला विमा माहिती ब्यूरो आणि प्रत्येक कंपनीने फसवणूक-प्रतिबंधक धोरण ठेवावे, हा विमा नियामकाचा 2013 चा आदेश, दोन्ही त्याच दिशेचे. 1 एप्रिल 2022 पासून पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. दाव्याला सहा महिन्यांची मुदतही तेव्हाच परत आली. अपघातांची संगणकीय नोंद ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत मध्य प्रदेश होता. उज्जैनच्या न्यायाधिकरणाचा निवाडा मान्य नसेल, तर कंपनी आणि जखमी दोघांनाही अपील उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे करावे लागते.