अडीचशे एकरांचा हिशेब

नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाच्या बाडात २८ फेब्रुवारी १६५२ या तारखेचा एक छोटा हुकूम आहे. व्हर्जिनिया वसाहतीतली ही काउंटी चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. अँथनी जॉन्सन आणि त्याची बायको मेरी हे आफ्रिकी जोडपे तिथे शेती करून राहत होते. आगीत त्यांचे जबर नुकसान झाले, म्हणून त्यांनी करमाफीसाठी अर्ज केला. न्यायालयाने तो मान्य केला आणि मेरीला व तिच्या दोन मुलींना जन्मभर डोईपट्टी माफ केली. कारण देताना कारकुनाने नोंदवले की हे दोघे तीस वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियाचे रहिवासी आहेत आणि त्यांचे कष्ट सर्वांना ठाऊक आहेत.

अमेरिकेतल्या एका आरंभीच्या आफ्रिकी कुटुंबाची वंशावळ या हुकुमावर उभी आहे. तो नसता तर आधीचे कागद आणि नंतरचे कागद जोडायला काहीच आधार उरला नसता. म्हणून तो नीट तपासायला हवा.

आधी तारीख. इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे कारकुनाने फेब्रुवारी १६५२ लिहिले असले तरी आपल्या हिशेबाने ते १६५३ आहे. ही दुरुस्ती केली नाही तर या कुटुंबाच्या प्रत्येक घटनेत एका वर्षाचा घोळ होतो, आणि छापील पुस्तकांतून तो झालेला दिसतोही. आता ‘तीस वर्षांहून अधिक’ हे शब्द घेऊ. १६५३ मधून तीस वजा केले की १६२३ येते. म्हणजे हे दोघे १६२३ च्या आधी वसाहतीत आले असले पाहिजेत. इतक्या आधी व्हर्जिनियात मूठभरच आफ्रिकी माणसे होती. पहिली नोंदलेली तुकडी १६१९ च्या ऑगस्टमध्ये उतरली होती. शोधाचे क्षेत्र एकदम आक्रसते.

आणि त्या मूठभरांची यादी शिल्लक आहे. १६२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वसाहतीची घरोघर शिरगणती झाली. कोणाच्या मळ्यावर कोण राहते, ते कोणत्या जहाजाने कोणत्या वर्षी आले, घरात धान्य किती, शस्त्रे किती, असा तिचा साचा होता. सुमारे १,२०० माणसांच्या या गणतीत आफ्रिकी लोक वीस-पंचवीसच आहेत. जेम्स नदीच्या दक्षिण तीरावर वॉरिस्कोयाक इथे एडवर्ड बेनेट या व्यापाऱ्याचा मळा होता. त्याच्या चाकरांत दोन नावे सापडतात. एक अँटोनिओ, निग्रो, ‘जेम्स’ जहाजाने १६२१ मध्ये आलेला. दुसरी मेरी, निग्रो स्त्री, ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजाने १६२२ मध्ये आलेली.

१६२२ ते १६५३ म्हणजे एकतीस वर्षे, आणि १६२१ पासून मोजले तर बत्तीस. दोन्ही आकडे ‘तीस वर्षांहून अधिक’ या शब्दांत बसतात. हे गणित जुळते तेव्हा मन हरखून जाते, पण तिथेच थांबून उलट बाजू पाहायला हवी. अँथनी हे नाव त्या काळी सर्रास होते. त्याच गणतीत कॅप्टन विल्यम टकरच्या घरी आणखी एक निग्रो अँथनी आहे. मात्र त्याच्याबरोबर इझाबेला आहे आणि विल्यम नावाचे त्यांचे बाप्तिस्मा झालेले मूलही आहे. मेरी नाही. बेनेटच्या मळ्यावरचे अँटोनिओ आणि मेरी नवरा-बायको होते असे गणती सांगत नाही. ते एकाच मळ्यावर राहत होते, एवढेच ती सांगते. माझा निष्कर्ष असा, की दोन नावांची जोडी, एकच मळा आणि जुळणारी वर्षे हे तिन्ही योगायोगाने एकत्र येणे अवघड आहे. अँटोनिओ तोच अँथनी जॉन्सन हे मी मान्य करतो. पण त्याला ‘अतिशय संभाव्य’ म्हणतो, ‘सिद्ध’ म्हणत नाही.

तो अँटोनिओ जिवंत राहिला हेही नवलच. २२ मार्च १६२२ रोजी पाउहॅटन टोळ्यांनी वसाहतीवर एकाच दिवशी हल्ला केला, त्यात बेनेटच्या मळ्यावर पन्नासच्या वर माणसे मारली गेली.

यानंतर पंधरा-वीस वर्षे कागद गप्प आहेत. अँटोनिओ चाकरीतून कधी सुटला, त्याने मेरीशी कधी लग्न केले, जॉन्सन हे आडनाव कुठून आले, उपसागर ओलांडून तो पूर्व किनाऱ्यावर कधी गेला, यातले काहीच हाती लागत नाही. त्याचे एक कारण दप्तराच्या नशिबात आहे. वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाची बहुतेक कागदपत्रे एप्रिल १८६५ मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस रिचमंड शहर पेटले तेव्हा जळून गेली. उलट पूर्व किनाऱ्यावरच्या या आडबाजूच्या काउंटीचे दप्तर १६३२ पासून अखंड टिकले आहे. इंग्रज अमेरिकेतले हे सर्वांत जुने सलग न्यायालयीन दप्तर मानले जाते. म्हणून अँथनी तिथे पोचल्यावर आपल्याला दिसू लागतो, त्याआधी नाही.

याच पोकळीत एक मोहात पाडणारा कागद आहे. १६४० च्या दशकातल्या एका साक्षीत ‘अँथनी, निग्रो’ शेतात उभा राहून सांगतो, की माझी जमीन कोणती हे आता मला ठाऊक आहे, वाटेल तेव्हा मी काम करीन आणि वाटेल तेव्हा खेळेन. अनेक लेखकांनी हे उद्गार अँथनी जॉन्सनच्या तोंडी घातले आहेत, आणि ते त्याला शोभतातही. पण साक्षीत आडनाव नाही. अँथनी लाँगो नावाचा दुसरा मुक्त आफ्रिकी शेतकरी त्याच काउंटीत त्याच सुमारास राहत होता. ते बोल कोणाचे हे ठरवायला दुसरा पुरावा नाही. मी हा कागद वंशावळीत घेत नाही.

पुन्हा भक्कम जमिनीवर येऊ. २४ जुलै १६५१ चा जमिनीचा पट्टा आहे. पंगोटीग खाडीच्या परिसरात अँथनी जॉन्सनला २५० एकर मिळाले. त्या काळी व्हर्जिनियात जो कोणी एका माणसाच्या प्रवासाचा खर्च उचली त्याला त्या माणसामागे ५० एकरांचा हक्क मिळे. २५० भागिले ५० म्हणजे पाच, आणि पट्ट्यात पाच नावे दिलेली आहेत. यावरून अँथनीने पाच चाकर आणले असे सरसकट लिहिले जाते. ते टिकत नाही, कारण हे हक्क बाजारात विकत मिळत. पाच नावांवरून कळते ते इतकेच, की त्याच्याकडे पाच हक्क होते. मात्र त्या पाचांत रिचर्ड जॉन्सन हे नाव आहे, आणि अँथनीच्या एका मुलाचे नाव रिचर्ड होते. दुसरे नाव जॉन गेसोरोरो असे वाचले जाते. तो पुढे येणारा जॉन कॅसर असावा असे काही अभ्यासकांना वाटते. तर्क चांगला आहे, पण तर्कच. पुढच्याच वर्षी जॉन जॉन्सनला ५५० एकर आणि १६५४ मध्ये रिचर्डला १०० एकर मिळाल्याच्या नोंदी आहेत. दोन मुलगे, दोन पट्टे.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी. अशाच हक्कांच्या यादीत, जॉर्ज मेनिफी नावाच्या मळेवाल्याच्या १६३० च्या दशकातल्या पट्ट्यात, ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी एक नोंद आहे. हा माणूस आपल्या उपखंडातला असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्याबद्दल पट्टा याहून काही सांगत नाही.

आता सर्वांत समृद्ध कागद. जॉन कॅसर नावाचा आफ्रिकी माणूस अँथनी जॉन्सनकडे कामाला होता. कॅप्टन सॅम्युएल गोल्डस्मिथची जबानी सांगते, की तो तंबाखूचे पिंप न्यायला जॉन्सनच्या घरी गेला होता. तिथे कॅसरने त्याला गाठून तक्रार केली, की मी सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, मुदत सरून सात वर्षे झाली, तरी मला सोडत नाहीत. जॉन्सन म्हणाला, करार मी कधी पाहिला नाही, हा जन्मभरासाठी माझा आहे. शेजारचे रॉबर्ट आणि जॉर्ज पार्कर म्हणाले, करार होता. अखेर जॉन्सनने कॅसरला सोडले आणि तो रॉबर्ट पार्करकडे कामाला गेला. नंतर जॉन्सनने दावा लावला. ८ मार्च रोजी निकाल लागला. बाडात वर्ष १६५४, आपल्या हिशेबाने १६५५. कॅसर जॉन्सनला परत मिळाला आणि खर्च रॉबर्ट पार्करवर पडला.

गुलामगिरीच्या कायद्याच्या इतिहासात हा निकाल वारंवार उद्धृत होतो, आणि त्यातली वेदना कॅसरची आहे हे विसरून चालणार नाही. वंशावळ शोधणाऱ्याचे डोळे मात्र जबानीतल्या एका ओळीवर खिळतात. कॅसरला सोडण्यासाठी म्हाताऱ्या जॉन्सनचे मन कोणी वळवले, हे गोल्डस्मिथ तिथे सांगतो. जॉन्सनच्या जावयाने, बायकोने आणि दोन मुलग्यांनी. एका ओळीत अख्खे घर उभे राहते. करमाफीच्या हुकुमातल्या दोन मुली, पट्ट्यांतले दोन मुलगे, आणि इथे एक जावई. त्याचे नाव नाही. त्या काळच्या इंग्रजीत जावयाचा शब्द सावत्र मुलालाही वापरला जाई, तेव्हा ‘जावई’ हे वाचनसुद्धा पेन्सिलीनेच लिहायला हवे.

१६६५ मध्ये हे कुटुंब उत्तरेला, मेरीलँडमध्ये गेले. कॅसरलाही बरोबर नेले. जाण्याआधी अँथनीने २०० एकर दोघा मळेवाल्यांना विकले आणि ५० एकर मुलगा रिचर्डला दिले. २०० आणि ५० मिळून २५०. चौदा वर्षांपूर्वीच्या पट्ट्याशी हा आकडा तंतोतंत जुळतो, म्हणून १६५१ चा अँथनी आणि १६६५ चा अँथनी एकच याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मेरीलँडच्या सॉमरसेट काउंटीत त्याने ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले. त्या जागेचे नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’.

१६७० च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात पंचांनी निर्णय दिला, की अँथनी जॉन्सन निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची जमीन राजाकडे जाते. तोवर अँथनी वारला होता. पाच वर्षे रिचर्डकडे असलेले ते ५० एकर शेवटी जॉर्ज पार्करच्या हाती गेले. कॅसरच्या खटल्यातलाच हा जॉर्ज पार्कर असावा. नाव तेच, मुलूख तोच, काळही जवळचा. मनात सूडाची शंका येते, पण कागदात हेतू नाही. ज्या वसाहतीच्या न्यायालयीन दप्तरात या माणसाचे तीस वर्षांचे वास्तव्य आणि कष्ट नोंदलेले होते, त्याच वसाहतीने त्याला मेल्यावर परका ठरवले, हे मात्र कागदावर आहे आणि ते वाचताना राग येतो.

१६७७ मध्ये सॉमरसेटमध्ये जॉन जॉन्सन याने ४४ एकर घेतले. हा अँथनीचा नातू. त्याने जागेला नाव दिले ‘अंगोला’. आजोबा अंगोलाहून आले याचा हा पुरावा म्हणून दाखवला जातो. त्या वर्षांत व्हर्जिनियात आलेल्या अनेकांची मुळे तिथे होती आणि अँटोनिओ हे नाव पोर्तुगीज वळणाचे आहे, तेव्हा शक्यता दाट आहे. पण नाव आजोबांनी दिलेले नाही, त्यांच्या मृत्यूनंतर नातवाने दिलेले आहे. घरात सांगितलेली आठवण नातवापर्यंत पोचली होती, इतके मी म्हणेन. या नातवाला वारस नव्हता, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन्सन नावाचा माग दप्तरातून नाहीसा होतो.

म्हणून कुटुंब संपले असे म्हणता येत नाही, कारण मुली उरतात. १६५७ च्या एका नोंदीत स्थानिक मूलनिवासी प्रमुखाने जोन जॉन्सन या अँथनीच्या मुलीला १०० एकर दिलेले दिसतात. दोन मुलींपैकी एकीचे नाव असे कळते. ती तेव्हा बापाचेच आडनाव लावत होती, म्हणजे बहुधा अविवाहित असावी. मग १६५५ च्या जबानीतला जावई, तो खरोखर जावई असेल तर, दुसरीचा नवरा. तिची मुले वेगळ्या आडनावाने वाढली असणार आणि जॉन्सन नाव शोधणाऱ्यांना ती कधीच दिसणार नाहीत.

ती सापडण्याची जागा म्हणजे नॉर्थॅम्प्टनच्या करदात्यांच्या याद्या. १६६० आणि १६७० च्या दशकांतल्या त्या याद्या टिकल्या आहेत. १६४३ च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या आफ्रिकी स्त्रियांवर डोईपट्टी होती, घरकाम करणाऱ्या इंग्रज स्त्रियांवर नव्हती. म्हणून मुक्त आफ्रिकी घरांत नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव यादीत येते आणि जोडपी ओळखता येतात. पण अँथनीच्या मुलींना २८ फेब्रुवारीच्या हुकुमाने जन्मभर माफी होती. तेव्हा शोधायचे ते असे घर, जिथे आफ्रिकी पुरुषाचे नाव दरवर्षी एकटे येते आणि ज्याची बायको केवळ इतर कागदांत, एखाद्या खरेदीखतावर किंवा साक्षीत, असल्याचे कळते. अशी किती घरे निघतात हे याद्या आणि खरेदीखते शेजारी ठेवून तपासावे लागेल.