तोंडावरच्या फडक्याची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या माणसाला तोंड बांधायला कोविडने शिकवलं नाही. तूर मळणी यंत्रात टाकताना भुसकट उडतं, तेव्हा बाया पदराचा किंवा जुन्या ओढणीचा वेढा नाकावरून घेऊन मागे गाठ मारतात. गेवराई-माजलगावच्या जिनिंगवर कापसाची बारीक तूस नाकात जाऊ नये म्हणून हमाल रुमाल बांधतात. परळीत औष्णिक वीज केंद्राची राख वाऱ्यावर असते, तिथेही तोच रुमाल. उसाच्या फडात पाचटाची कूस अंगाला लागते म्हणून कोयता घेतलेली बाई डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून घेते. मे महिन्यात बीडच्या रस्त्यावर स्कूटीवरून जाणाऱ्या पोरीचे फक्त डोळे दिसतात. यांपैकी कुणालाही कुणी थांबवून ‘काय झालंय गं तुला?’ असं विचारत नाही.

पण तोच रुमाल खोकला झालेल्या माणसाने एसटीत बसताना बांधला, की शेजारचा सरकून बसतो आणि दोन सीटवरून प्रश्न येतो. साथ सरल्यावर आजारी माणसाने मास्क लावण्याची रीत आपल्याकडे टिकेल का, याचं उत्तर या फरकात आहे, असं मला वाटतं. तो फरक कळायला तोंडावरच्या फडक्याची दोन घराणी पाहावी लागतात. एका घराण्यातलं फडकं माझ्या नाकात बाहेरचं काही जाऊ नये म्हणून असतं. दुसऱ्यातलं माझ्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या गोष्टीचा दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून असतं.

दुसरं घराणं फार जुनं आहे, आणि ते आपल्या अंगणातही आहे. आष्टी तालुक्यातल्या कड्याला अमोलक ऋषी या स्थानकवासी जैन आचार्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे. आष्टी, कडा, बीड, परळी या बाजारपेठांत मारवाडी-जैन घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि चातुर्मासात तिथे साधू-साध्वी मुक्कामाला येतात. स्थानकवासी साधूंच्या तोंडावर पांढऱ्या कापडाची चौकोनी घडी दोऱ्याने बांधलेली असते. तिला मुहपत्ती म्हणतात. बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासाने हवेतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये आणि ग्रंथावर थुंकी उडू नये, हे तिचं कारण. मुंबईच्या अग्यारीतला पारशी दस्तूर पवित्र अग्नीपुढे जाताना पदान नावाचं पांढरं कापड नाकातोंडावर बांधतो, तेही आपल्या श्वासाने अग्नी बाटू नये म्हणून. जंतू हा शब्द विज्ञानाच्या वहीत येण्याच्या कितीतरी आधी, आपल्या श्वासाची जबाबदारी आपल्यावर आहे, ही समज या दोन्ही परंपरांनी कापडाच्या एका तुकड्यात बांधून ठेवली होती.

दवाखान्यातला मास्क जन्माला आला तो 1897 साली, आणि तोही याच घराण्यात. ब्रेस्लाऊ शहरात (आता ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ) कार्ल फ्ल्युगे यांनी दाखवून दिलं, की नुसतं बोलतानाही तोंडातून जंतू असलेले बारीक थेंब उडतात. त्याच शहरातले शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी मग शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापड बांधायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये पॉल बर्जे यांनीही त्याच वर्षी तेच केलं. डॉक्टरच्या तोंडातलं काही रुग्णाच्या जखमेत पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

1897 हे वर्ष महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने आठवतं. मुंबईत आदल्या वर्षी आलेला प्लेग पुण्यात पसरला होता. साथरोग कायदा त्याच वर्षी झाला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई फुले 10 मार्चला त्याच प्लेगने गेल्या. युरोपातल्या दोन शहरांत मास्क आकार घेत होता, त्या वर्षी आपल्याकडे रुग्ण उचलणाऱ्यांपाशी आपल्या हातांशिवाय काही नव्हतं. पुढे 123 वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी जो कायदा बाहेर काढला, तो हाच 1897 चा.

मास्कला स्वसंरक्षणाच्या घराण्यात नेलं ते वू लिएन-तेह या मलायात जन्मलेल्या चिनी वंशाच्या डॉक्टरने. 1910 च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. हा रोग पिसवांवाचून, माणसाच्या खोकल्यातून थेट माणसाला होतो, हे त्यांनी ओळखलं आणि कापसाची पट्टी जाळीदार कापडात गुंडाळून डोक्यामागे बांधायचा सोपा मास्क तयार केला. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना हे म्हणणं पटलं नाही. ते मास्क न लावता रुग्णांत गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने दगावले. त्यानंतर हार्बिन शहरात मास्कला कुणी नाही म्हटलं नाही. त्या साथीत साठ हजारांच्या आसपास माणसं मेली. आजचा एन-95 वंशाने या मास्कचा नातू लागतो. त्याच्या कापडात विद्युतभार भरून बारीक कण पकडण्याची युक्ती पीटर त्साय या तैवानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात बसवली.

1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे ‘मानमोडी’ नावाने राहिली. खेड्यांत तेव्हा मास्कचा प्रश्नच नव्हता. साथ आली की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, ही आपली रीत होती. आजाऱ्याने तोंड झाकायचं नाही, निरोग्यांनीच दूर जायचं.

बीडच्या वाट्याला या कथेतलं जे पान आलं, ते 1994 चं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या भीतीने आजूबाजूच्या जिल्ह्यांतही लोक पक्की घरं सोडून बाहेर राहू लागले, घरात धान्य तसंच पडून राहिलं आणि उंदीर वाढले, अशी मांडणी पुढे अभ्यासकांनी केली. ऑगस्ट 1994 मध्ये बीड तालुक्यातल्या मामला या लहानशा गावात उंदीर मरून पडू लागले आणि घराघरांत पिसवा झाल्या. महिन्याच्या अखेरीस ताप आणि जांघेत-काखेत गाठी असलेले रुग्ण दिसायला लागले. देशात जवळजवळ तीन दशकं माणसात न दिसलेला प्लेग मामल्यात परतला होता. आरोग्य पथकं आली, घराघरात कीटकनाशक फवारलं गेलं, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या.

मामल्याचा प्लेग गाठीचा होता. तो पिसवेच्या चाव्यातून होतो, त्याला तोंड बांधून उपयोग नाही. पण सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग जाहीर झाला आणि काही लाख माणसं रेल्वे-बस भरभरून शहराबाहेर पडली. त्यात महाराष्ट्रातून पोटासाठी गेलेले कामगारही होते. त्या दिवसांतल्या वर्तमानपत्री छायाचित्रांत स्टेशनावरच्या प्रत्येक तोंडाला हातरुमाल दिसतो. एका पिढीच्या डोळ्यांवर मास्कचं हे पहिलं चित्र उमटलं. त्या चित्रातला अर्थ एकच होता, पळ काढण्याचा. ज्याच्या तोंडाला फडकं, तो साथीच्या गावाहून आलेला. साथ आटोपली तसे रुमाल खिशात गेले, संशय मात्र मागे राहिला.

ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात हेच पुन्हा झालं. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी तिथे घेतला, शाळा बंद झाल्या, औषधाच्या दुकानांतले मास्क संपले आणि ते पदपथावर चढ्या भावाने मिळू लागले. बीडची पोरं शिकायला पुण्यालाच असतात. त्यांच्या घरी त्या आठवड्यांत काय काळजी होती, हे वेगळं सांगायला नको. काही महिन्यांत पुण्यातून मास्क दिसेनासा झाला.

मग 2020 आलं. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्र सरकारने घरी शिवलेला कापडी मास्क वापरायला सांगितलं आणि राज्यभर बचत गटांच्या बाया शिलाई मशीनवर बसल्या. मोदींनी 14 एप्रिलच्या भाषणाला तोंडावर गमछा घेतला होता, आपल्या म्हाताऱ्यांनी उपरण्याचं टोक घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने तीन थरांच्या कापडी मास्कची शिफारस त्यानंतर, जूनमध्ये केली. त्याच एप्रिलमध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी मिळाली. गाड्यांवर संसार लादून माणसं बीडकडे निघाली, तेव्हा सगळ्यांची तोंडं झाकलेली होती. पण फडात बांधलेला रुमाल आणि वेशीवर बांधलेला रुमाल यांत फरक पडला होता. फडात तो कामाचा भाग होता. गावात शिरताना तो ‘हे बाहेरून आलेत’ अशी खूण झाला. काही जणांना त्यांच्याच गावच्या शिवारात, पालांत दिवस काढावे लागले.

वर्षभराने परिस्थिती आणखी बिघडली. 26 मार्च ते 4 एप्रिल 2021 बीड जिल्ह्यात पूर्ण टाळेबंदी होती. त्याच एप्रिलच्या अखेरीस अंबाजोगाईत कोविडने मेलेल्या 22 जणांचे देह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, त्याला मास्क नुसता आरोग्याचा सल्ला वाटेल, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. मास्क म्हटलं की त्याला चौकातला पोलीस आठवतो, दंडाची पावती आठवते आणि ती रुग्णवाहिका आठवते. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कसक्ती उठली. लोकांनी गुढीबरोबर सुटकेचा श्वास घेतला, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

खंत वेगळी आहे. सक्तीबरोबर ती समजही उठली, जी मुहपत्तीत होती आणि मिकुलिचच्या फडक्यात होती. 1994, 2009 आणि 2020, तिन्ही वेळा मास्क आपल्याकडे भीतीच्या घराण्यातून आला आणि भीतीबरोबर गेला. ‘मला खोकला आहे, तुम्हाला होऊ नये’ असं म्हणत तो कधी आलाच नाही. ही रीत जिथे टिकली, त्या जपानचा इतिहास इथे उपयोगी पडतो. 1918 च्या साथीत तिथेही मास्क आला. पण तो रुजला त्यात पुढच्या काळात ‘सुगी’ नावाच्या देवदारासारख्या झाडांच्या परागकणांचा मोठा वाटा आहे. युद्धानंतर ही झाडं डोंगरच्या डोंगर लावली गेली. दर वसंतात त्यांच्या परागांनी लाखो लोकांना शिंका येऊ लागल्या आणि धडधाकट माणसंही मास्क लावू लागली. सर्दी झालेला माणूस मग त्या गर्दीत वेगळा दिसेना. आजाऱ्याने मास्क लावावा यासाठी आधी तो निरोग्यांच्याही तोंडावर असावा लागतो. असा मास्क बोट दाखवायचं कारण देत नाही.

बीडला असे पराग नाहीत, पण धूळ आहे, ऊन आहे, राख आहे आणि भुसकट आहे. तोंड बांधलेला माणूस इथे आधीपासून रस्त्यावर आहे. म्हणून माझं मत असं, की औषधाच्या दुकानातला निळा मास्क आपल्या गावांत आजाऱ्याची सवय म्हणून टिकणार नाही. रुमाल, पदर आणि स्कार्फ टिकतील, आणि आजाऱ्याची रीत टिकली तर त्यांच्याच आधाराने टिकेल. एकपदरी रुमालाने फारसं अडत नाही, हे खरं. दाट विणीच्या सुती कापडाची तीन पदरी घडी नाकाला घट्ट बसवली, तर खोकणाऱ्याच्या तोंडचे थेंब बऱ्यापैकी अडतात. क्षयाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याने मात्र एन-95 च वापरावा. 2020 च्या ऑक्टोबरात राज्याने त्याचे दर 19 ते 49 रुपयांत बांधले होते, तेव्हा ही चैनीची वस्तू नव्हे.

क्षयाचं नाव काढलं ते मुद्दाम. ज्या घरातून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको कोयता घेऊन निघतात आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत सगळं कुटुंब एका जागी झोपतं, तिथे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. त्या कोपीत खोकणाऱ्याने तोंड झाकणं हे लहान मुलाच्या छातीच्या दृष्टीने फार मोठं काम आहे. उपचार नीट सुरू झाले की क्षयाचा रुग्ण काही आठवड्यांत दुसऱ्याला रोग देण्याइतका संसर्गजन्य सहसा राहत नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. त्या आठवड्यांत तोंड झाकायला तो तयार असतो, अडवते ती पाहणाऱ्याची नजर.

म्हणून मागणं आजाऱ्याकडे कमी आणि बाकीच्यांकडे जास्त आहे. मुकादमाने टोळी उचलताना खोकणाऱ्याला आधी दवाखान्यात न्यावं आणि रुमाल बांधल्याबद्दल त्याची उचल कापू नये. गुरुजींनी शिंकणाऱ्या पोराने तोंडाला फडकं बांधलं तर वर्गात हसू देऊ नये. आणि एसटीत शेजारी कुणी तोंड बांधून बसलं, तर त्याला काय झालंय ते विचारू नका. खिडकी उघडा आणि बसल्या जागी बसून राहा.