पपईची भीती नेमकी किती जुनी?

घरात कुणाला दिवस गेले की पहिला हुकूम सुटतो, “पपईला हात लावायचा नाही हं!” का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “पूर्वापार चालत आलंय, आयुर्वेदात सांगितलंय.” तर मंडळी, हे ‘पूर्वापार’ किती जुनं आहे ते आज बघू.

पपई मूळची मध्य अमेरिकेकडची. कोलंबसनंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांमुळे ती जगभर गेली. लिन्स्खोटेन नावाचा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी पाचेक वर्षं राहिला. १५९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलंय की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्स, मलाक्कामार्गे हिंदुस्थानात आलं. म्हणजे चरक-सुश्रुतांनी पपई पाहिलेलीच नव्हती! अननसही तसाच, दक्षिण अमेरिकेतून आलेला.

मग आजीबाई चुकल्या का? पूर्ण नाही. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा लावतो, ती करामत याच चिकातल्या पपेनची. २००२ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावलं, पिकलेल्या पपईच्या रसाने नाही. गाभण उंदरांना पिकलेली पपई खाऊ घातली, तरी अपाय दिसला नाही. फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो. म्हणजे इशारा कच्च्या पपईपुरता खरा होता, आपण तो सगळ्याच पपईला लावला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, आपल्या मुंबईची. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर अशक्तपणा येई, रक्त पार उतरे, काही दगावत. विल्सबाईंनी रोगजंतू शोधले, पण खरं कारण निघालं त्यांच्या ताटात. सकस अन्नच नव्हतं. यीस्टचा अर्क दिल्यावर बायका सुधारू लागल्या. हे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड, सरकारी दवाखान्यात लोहासोबत मिळणाऱ्या गोळीतलं.

नव्वद वर्षं उलटली, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक आहेत. पिकलेल्या पपईत फोलेट आहे, लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व आहे, आणि खेड्यात ती परसातच असते. ज्या बाईला सफरचंद परवडत नाही, तिच्या ताटातलं हेच फळ आपण काढून घेतो. पपई खाल्ल्याने गोळी सुटत नाही, पण फळ तोडूनही रक्त वाढत नाही.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. कच्ची आणि अर्धी कच्ची पपई नको, चीक तर अजिबातच नको. पूर्ण पिकलेली, स्वच्छ धुऊन घरीच कापलेली, बेताने खायला हरकत नाही. गाडीवरची कापून ठेवलेली फळं टाळा. साखरेचा त्रास किंवा चिकाची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सासूबाईंशी वाद नको. ही पोस्टच वाचून दाखवा!